लहान ग्राहकांनी कृपया संपर्क साधू नये

पडदेवाले मामांचा फोन टिल्लीचा डोळा लागल्याशिवाय कधी येत नसे. हा निसर्गाचा नियमच होता. सकाळभर मामा काय करत कोण जाणे. पण दुपारी टिल्लीला मांडीवर थोपटून थोपटून, आपला पाय पार बधिर करून घेऊन, श्वास रोखून तिला पलंगावर उतरवावं, तिच्या मानेखालून आपला हात चोराच्या सफाईने काढून घ्यावा, आणि नेमका तेव्हाच फोन थरथरावा. फोन थरथरला की टिल्लीही थरथरायची.

"ताई, झोपला नव्हतात ना? एवढंच विचारायचं होतं, की त्या निळ्या पडद्याच्या फोटोत पडदा जरा जास्त निळा होईल का?"

"मामा, पडदा आहे तेवढा निळा आलाय."

"आहे तेवढा तर तो दुकानातही आहे, ताई. मग जाहिरात कशाला करायची?"

जिला हा प्रश्न विचारला जात होता ती बाई एका डिजिटल मार्केटिंग कंपनीची संस्थापक, संचालक आणि एकूण एक कर्मचारी होती. कंपनीचं मुख्यालय जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला होतं. दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलत. नवरा तिला 'मालकीणबाई' म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तपासायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. आपणही सोडून देऊ.

मालकीणबाईंचे ग्राहक तीन. एक हे मामा. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मावशी, ज्यांना प्रत्येक जाहिरातीत स्वतःचा फोटो लागे आणि तोही लग्नाआधीचा. तिसरे कुलुपवाले दादा. दादा फारसं बोलत नसत, पण लोकांना आपली आठवण किल्ली हरवल्यावरच का येते, आधी का येत नाही, याचा जाब त्यांना मालकीणबाईंकडून हवा असे. तिघांनी मिळून दिलेल्या पैशांची बेरीज करायला बसलं, तर त्या बेरजेत गेलेला वेळच जास्त महाग पडला असता.

"मग मोठे ग्राहक घे ना," नवरा म्हणाला. बाजारात निघालेल्या माणसाला 'बटाटे मोठे बघून घे' म्हणावं, तसं.

मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागाची गंमत अशी, की तो खऱ्या बोलण्याचाच जास्त येतो. त्याच आठवड्यात टिल्लीने आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं होतं. घरातल्या सगळ्यांनी ते 'आई ये' किंवा गेला बाजार 'बाबा ये' असेल म्हणून कान टवकारले होते. टिल्लीने भाताचा चमचा कानाला लावला, कपाळाला आठी घातली आणि दमलेल्या आवाजात ती म्हणाली, "हो हो, करते करते."

सगळे हसले. मालकीणबाईही हसल्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासत उभ्या राहिल्या. त्यांना काय हवं होतं? बंगला नाही, गाडी नाही. एकच ग्राहक हवा होता, मोठा, शहाणा, वेळेवर पैसे देणारा आणि दुपारी फोन न करणारा. मग तो दुपारचा तास आपला. टिल्लीच्या शेजारी आडवं व्हायचं, तिच्या मानेच्या घडीत नाक खुपसायचं आणि जग बुडालं तरी उठायचं नाही.

आता आपल्याकडे कोणी काही करायचं ठरवलं, की ते सल्ला द्यायचा धंदा असलेल्या माणसाला वासावरूनच कळतं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहत. ते कशातून निवृत्त झाले होते हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण सल्ला देण्यातून झाले नव्हते एवढं नक्की.

"गाद्यांच्या कंपनीत माझी ओळख आहे," साहेब म्हणाले. "शब्द टाकतो. मात्र मोठ्या माणसाकडे जाताना थोडं उशिरा जायचं. लवकर पोचणारा गरजू दिसतो."

"आणि उशिरा पोचणारा काय दिसतो?" मटारांमागून सासूबाईंनी विचारलं.

"व्यस्त."

"आमच्या वेळी त्याला बेशिस्त म्हणायचे."

मालकीणबाईंनी टिल्लीच्या झोपांमधून वेळ चोरून गाद्यांच्या कंपनीसाठी एक देखणी योजना तयार केली. गादी कोण घेतं, का घेतं, कधी घेतं, घेण्याआधी फोनवर काय शोधतं, सगळं चित्रांसकट. ठरल्या दिवशी त्या इस्त्रीचे कपडे घालून निघाल्या, टिल्लीने खांद्यावर भाताच्या हाताचा शिक्का मारला, त्या परत आत गेल्या, कपडे बदलले. अशा रीतीने उशिरा जायचा सल्ला आपसूक पाळला गेला.

गाद्यांच्या कंपनीत बसायला खुर्ची नव्हती. येणाऱ्याने आधी माल अनुभवावा असं कंपनीचं धोरण होतं, त्यामुळे स्वागतकक्षात एक भलीमोठी फुलाफुलांची गादी घातली होती. "साहेब येतातच पाच मिनिटांत," टेबलामागची मुलगी म्हणाली. मालकीणबाई ताठ बसल्या. गादी त्यांच्याखाली हळूच दबली. खोलीत गारवा होता. कोणी 'आई' म्हणून हाक मारत नव्हतं. कोणी भात फेकत नव्हतं. फोन त्यांनी शिष्टाचार म्हणून बंद केला होता. टिल्ली जन्मल्यापासून एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी कधी जुळून आल्या नव्हत्या.

डोळे उघडले तेव्हा टाय लावलेल्या माणसांचं अर्धवर्तुळ गादीभोवती उभं होतं. मध्ये उभे असलेले मोठे साहेब ओठांवर बोट ठेवून कुजबुजत होते, "उठवू नका, उठवू नका. बघा बघा, कूस बदलली!"

अशा प्रसंगी धरणी दुभंगेल तर बरं, असं माणसाला वाटतं. पण खाली धरणी नव्हती, गादी होती, आणि ती उलट वर ढकलत होती. मालकीणबाई उठल्या आणि गालावर गादीच्या फुलांचा ठसा घेऊन त्यांनी योजना सांगितली. चांगली सांगितली. मोठे साहेब मान डोलावत राहिले.

"उत्तम! आमचा भाचा बघतो हे सगळं. हे त्याला पाठवून ठेवा."

"आणि मानधनाचं?"

"त्याचं काय आहे, सध्या तसं काही नाही. पण आमच्यासारख्या कंपनीचं नाव तुमच्या नावापुढे लागेल! हे केवढं आहे!"

घरी येईपर्यंत मालकीणबाई रस्ताभर स्वतःशी बोलत होत्या. नाव लागेल म्हणे! दूधवाल्याला सांगून बघा, 'बाबा रे, दूध फुकट ठेव, आमचं नाव तुझ्या किटलीला लागेल.' बघा ठेवतो का. न्हाव्याला सांगा. दाताच्या डॉक्टरला सांगा, तेही दाढ उपटून झाल्यावर! जिन्यात भेटलेल्या बाईने त्यांना आपण होऊन वाट करून दिली.

"तुम्ही गेलातच का?" ज्यांनी पाठवलं होतं तेच निवृत्त साहेब आता म्हणाले. "मोठी माणसं आपल्याकडे आली पाहिजेत. जाहिरात करा. तुम्ही जगाच्या जाहिराती करता, स्वतःची कुठाय?"

चांभाराची बायको अनवाणी, त्यातला प्रकार. मालकीणबाईंनी त्याच तिरमिरीत मजकूर लिहिला: 'निवडक, मोठ्या व्यवसायांसाठीच.' साहेबांना तो मिळमिळीत वाटला. त्यांनी खाली एक ओळ जोडायला लावली: 'लहान ग्राहकांनी कृपया संपर्क साधू नये.'

"कठोर नाही वाटत?"

"'कृपया' आहे ना!"

हे वाक्य मामा, मावशी आणि दादांनी वाचू नये एवढी माणुसकी मालकीणबाईंच्या अंगी होती. सोय सोपी होती. आपली जाहिरात कोणाला दिसावी आणि कोणाला मुळीच दिसू नये, हे सांगायला संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी असतात. आपल्या जुन्या ग्राहकांचे नंबर दुसऱ्या चौकटीत टाकायचे, की झालं. हे काम त्या डोळे मिटून करू शकत. दुर्दैवाने केलंही जवळपास तसंच. एका हाताने टिल्लीला घास, एका हाताने नंबर, कानात साहेबांचा 'दर वाढवला की मान वाढते' हा पाठ. तिघांचे नंबर पहिल्या चौकटीत गेले. त्यांच्याबरोबर, जुन्या कामांमुळे जपून ठेवलेले, तिघांच्या भाऊबंदांचे, शिलाईवाल्याचे आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांचेही गेले. आता ती जाहिरात जगातल्या कोणत्याही मोठ्या व्यवसायाला दिसणार नव्हती. दिसणार होती ती फक्त यांनाच, आणि पुन्हा पुन्हा.

पहिल्या दिवशी घरात आनंदीआनंद होता. जाहिरात लोक नुसती बघत नव्हते, तर दाबून दाबून उघडत होते. "बघितलंत?" साहेब म्हणाले. "ते 'कृपया' माझं आहे हं." प्रत्येक वेळी कोणी ती उघडली की मालकीणबाईंनी भरलेल्या पैशांतला एक चिमटा जात होता, पण मोठा मासा पकडायचा तर आमिष लागणारच.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिल्ली झोपली. फोन थरथरला नाही. मालकीणबाईंनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या शांततेसाठी जीव टाकला ती शांतता आता खायला उठली. त्यांनी फोन उलटसुलट करून बघितला, सासूबाईंना आपल्याला एक फोन करायला लावला. वाजला. टिल्ली उठली.

संध्याकाळी सासूबाई मामांच्या दुकानातून पडद्याच्या कड्या घेऊन आल्या त्या तोंड पाडूनच.

"पडदेवाल्याने मला 'या' म्हटलं नाही गं. कड्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणतो, लहान दुकान आहे आमचं, मोठ्या लोकांना चालतील का बघा."

मालकीणबाईंनी झडप घालून संगणक उघडला, पहिली चौकट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे तीन दिवस जे दाबून दाबून बघत होते ते मामा होते! एकदा धक्का बसला म्हणून, एकदा बायकोला दाखवायला, एकदा शिलाईवाल्याला, आणि मग दर चहाबरोबर, राग गार होऊ नये म्हणून. तिकडे मावशी, तिकडे दादा. मनं त्यांची दुखावली जात होती आणि त्या दुखावण्याचे पैसे या भरत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त यात हात दाखवायचेही पैसे पडत होते.

जाहिरात थांबवायला गेल्या, तर खातं बंद. तीच तीच माणसं वेड्यासारखी तीच जाहिरात उघडताहेत, तेव्हा यात काहीतरी लबाडी आहे असं जाहिरातवाल्या कंपनीच्या यंत्राचं मत पडलं होतं. खातं बंद होतं, पण जाहिरात चालूच होती! हा न्याय कुठल्या शहाण्याने शोधून काढला, हे विचारायला पलीकडे माणूसही नव्हता. 'आपण आपणच आहात हे सिद्ध करा,' यंत्र म्हणालं. 'कॅमेऱ्यात बघा.'

मालकीणबाईंनी बघितलं.

'चेहरा ओळखपत्राशी जुळत नाही.'

ओळखपत्रावरचा फोटो टिल्लीच्या आधीचा. त्यातल्या मुलीच्या डोळ्यांखाली काही नव्हतं आणि केसांना वळण होतं. मालकीणबाईंनी केस विंचरले, खिडकीजवळ गेल्या, जमेल तेवढं झोप झालेल्या बाईसारखं दिसायचा प्रयत्न केला. 'जुळत नाही.' पावडर लावली. 'जुळत नाही.' मागून सासूबाईंनी हळूच बघितलं. "मला तर जुळतेस हो," त्या म्हणाल्या. तेवढ्यात टिल्ली मांडीवर चढली. 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.'

"मग आढळणारच!" मालकीणबाई यंत्रावर ओरडल्या. "आढळले तर काय करशील?"

यंत्राने काही केलं नाही. भरलेले पैसे संपले तेव्हा जाहिरात आपली आपण थांबली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, टिल्ली नुकती कुठे झोपली असताना, जिन्यात पावलं वाजली आणि दाराची घंटा वाजायच्या आत मालकीणबाईंनी धावत जाऊन दार उघडलं. मामा, मावशी आणि दादा. तिघं एकत्र. ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. जाहिरातीखाली निषेध नोंदवता नोंदवता त्यांची ओळख झाली होती.

मामांनी छाती भरून श्वास घेतला. मालकीणबाईंनी ओठांवर बोट ठेवून आत दाखवलं.

"झोपलीय?" मामा कुजबुजले.

"आत्ताच."

त्यामुळे पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. कुजबुजत अपमान करणं फार अवघड. शब्द धारदार निघतात, पण वाऱ्यासारखे सुटतात.

"आम्ही लहान?" मामा फुसफुसले. "तीन दिवस जेवण गोड लागलं नाही, ताई!"

"निम्मं गाव माझ्या हाताखाली गाडी शिकलं," मावशी फुसफुसल्या, "आणि मी संपर्क साधू नये? कृपया?"

दादा वाकून दाराचं कुलूप बघत होते.

माफी मागायची असं मालकीणबाईंनी रात्रीपासून पाठ केलं होतं. पण गादी, भाचा, यंत्र, पावडर, सगळं एकदम घशाशी आलं. "हो, लहान!" त्या फुसफुसल्या. "मोठा म्हणजे पैसेवाला नव्हे, मामा! पैसेवाला बघून आले मी परवा. जो ही झोपलेली असताना फोन करत नाही तो मोठा! जो कामाचे पैसे कामाइतके देतो तो मोठा! माझी पोर पहिलं वाक्य काय बोलली माहितीये? तुमच्याशी मी काय बोलते, ते बोलली!"

सासूबाईंनी मटाराची शेंग फोडायची थांबवली.

"एवढंच होतं," मामा म्हणाले, "तर आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मामांनी मान ताठ केली. "मोठ्यांना दर काय लावता?"

रागाच्या भरात मालकीणबाईंनी आकडा सांगितला. गादीवाल्यांना सांगायचं धाडस झालं नसतं, असा. मामांचा कंठमणी एकदा खाली जाऊन वर आला. पण तीन दिवस 'लहान' म्हणवून घेतलेला माणूस मागे हटत नसतो.

"लावा. आजपासून मी मोठा."

"मग मला यांच्यापेक्षा जास्त लावा," मावशी लगेच म्हणाल्या.

"मलाही," कुलपाजवळून दादा म्हणाले. "आणि हे कुलूप सैल आहे. बाहेरून ढकललं तर उघडेल. नवं बसवून देतो."

थोडक्यात, जाहिरात ज्यांना दिसली त्यांच्यावर तिने बिनचूक काम केलं होतं.

"पण गादीवाल्यांचं काम तर घेतलंत ना?" मावशींनी विचारलं. "तुमचा फोटो बघितला त्यांच्या जाहिरातीत."

"कसला फोटो?"

मावशींनी फोन पुढे धरला. फुलाफुलांच्या गादीवर, तोंड किंचित उघडं, एक हात छातीशी, जणू त्या हातात कोणी असावं असा वळलेला. मालकीणबाई गाढ झोपल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'पाच मिनिटं बसा तर खरं.'

सगळ्यात संताप कशाचा आला असेल, तर जाहिरात चांगली होती याचा.

"याचे काय दिले त्यांनी?" मामांनी विचारलं.

"काही नाही. विचारलंसुद्धा नाही."

"काही नाही?" मामा लाल झाले. "आमच्या ताईंचा फोटो आणि फुकट?"

"त्यांचा भाचा बघतो म्हणे सगळं," मालकीणबाई म्हणाल्या.

"भाचा?" मावशींच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "बारीक मिशीवाला? तो माझ्याकडे गाडी शिकतोय." त्यांनी तिथेच फोन लावला, आणि टिल्ली झोपली असल्यामुळे कुजबुजतच बोलल्या. ओरडणाऱ्या मावशी त्याने पुष्कळ ऐकल्या असतील, कुजबुजणाऱ्या पहिल्यांदाच. "बाळा," त्या म्हणाल्या, "तुला गाडी मागे घेता येत नाही अजून. पण घेतलेला फोटो मागे घेता येतो का बघ बरं."

फोटो संध्याकाळपर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी गाद्यांच्या कंपनीच्या गाडीतून दिलगिरीच्या चार ओळी आल्या, आणि त्यांच्यामागून, चार माणसांनी जिन्यातून तिरकी करत आणलेली, फुलाफुलांची गादी. निवृत्त साहेब जिन्यात उभे राहून 'डावीकडे, डावीकडे' असा सल्ला देत होते. गादी उजवीकडून आत गेली.

त्या दुपारी टिल्ली नव्या गादीवर लगेच झोपली. मालकीणबाई तिच्या शेजारी आडव्या झाल्या. दार नव्या कुलपाने घट्ट बंद होतं. त्यांनी टिल्लीच्या मानेच्या घडीत नाक खुपसलं. भाताचा, साबणाचा आणि झोपेचा वास होता. जग बुडालं तरी आता उठायचं नव्हतं.

फोन थरथरला.

"ताई," मामा इतक्या हळू बोलत होते की श्वासच ऐकू यावा. "उठू नका. मी मोठा ग्राहक म्हणून फोन केलेला नाही. तो उद्या सकाळी करीन, वेळेत. हा आपला जुना म्हणून केला."

"बोला, मामा."

"टिल्ली झोपली?"

"झोपली."

"मग झालं. तेवढंच विचारायचं होतं." मामांनी हळूच घसा खाकरला. "आणि तो निळा जरासा..."

मालकीणबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधीच शेजारून, डोळे मिटलेलेच ठेवून, एक दमलेला आवाज आला:

"हो हो, करते करते."